वस्तू आली नाही? मग पैसे पूर्ण परत पाहिजेत, कूपन नको!



पोस्ट जरा लांब आहे. पण विषय तुमच्या-माझ्या खिशाचा आहे, म्हणून सवडीनं का होईना, शेवटपर्यंत वाचा.

दिवाळी, लग्नसराई आणि फवारणीचे दिवस आले की माझ्या मोबाइलवर एकाच नमुन्याचे मेसेज सुरू होतात. "भाऊ, ऑनलाइन मागवलं होतं, पैसे आधीच भरले, वस्तू आलीच नाही. आता काय करावं?" कधी मानवतहून, कधी सेलूहून, कधी सोनपेठकडच्या एखाद्या खेड्यातून. कुणाची साडी, कुणाच्या पोराची पुस्तकं, कुणाचा मिक्सर. रक्कम तीनशेपासून तीन हजारांपर्यंत. आणि मी कागद मागायला लागलो की निम्म्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "जाऊ द्या भाऊ, एवढ्याशासाठी कुठं नादी लागायचं?"

आजची पोस्ट या "जाऊ द्या"वर आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे घेतले आणि वस्तू दिली नाही, तर घेतलेले सगळे पैसे परत आले पाहिजेत. डिलिव्हरी चार्ज कापून नाही, कूपन म्हणून नाही, ॲपच्या वॉलेटमध्ये अडकवून नाही. जिथून गेले तिथं परत. ही कंपनीची मेहरबानी नाही, आपला हक्क आहे. आणि तो मिळवायला आता दिल्ली-बंगळुरू गाठावं लागत नाही, परभणीतून होतं. पण आपण "जाऊ द्या" म्हणतो तोवर हा हक्क कागदावरच राहतो.

मोंढ्यातल्या किराणा दुकानात तुम्ही शंभर रुपये दिले आणि दुकानदारानं साखर दिलीच नाही, तर काय कराल? तो म्हणाला, "साखर संपली, हे घ्या सत्तर रुपये, तीस माझ्या पोत्यापर्यंत जाण्या-येण्याचे," तर तुम्ही गप बसाल का? किंवा तो म्हणाला, "पैसे नाही देत, चिठ्ठी देतो, पुढच्या वेळी माझ्याच दुकानातून काहीतरी घ्या," तर? अख्खा मोंढा गोळा कराल. मोबाइलवर मात्र हेच घडतं आणि आपण अंगठ्यानं "ओके" दाबतो.

हे घडतं कसं?

गेल्या खरिपातली गोष्ट. पालम तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बॅटरीवरचा फवारणी पंप मागवला. स्वतःकडे साधा फोन, म्हणून पुतण्याच्या मोबाइलवरून ऑर्डर टाकली, आगाऊ पैसे भरले की थोडी सूट होती म्हणून यूपीआयनं भरलेही. सोयाबीनवर अळी दिसायला लागली होती. ॲपवर तीन दिवस "आज पोहोचेल" असं दिसत राहिलं. चौथ्या दिवशी दिसलं, "ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला." यांना ना फोन आला, ना गावात कुणी फिरकलं. मग ऑर्डर आपोआप रद्द, डिलिव्हरीचे पैसे कापले, उरलेली रक्कम ॲपच्या वॉलेटमध्ये. शेवटी त्यानं तालुक्याहून उधारीवर पंप आणला. फवारणी लांबली ती लांबलीच. अळी काही कुणाच्या रिफंडची वाट पाहत थांबत नाही.

आता यात गंमत बघा. वस्तू त्यांनी आणली नाही, "नकार" मात्र आपल्या नावावर लिहिला, आणि न केलेल्या डिलिव्हरीचे पैसेही आपल्याकडूनच घेतले.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण चार प्रकारच्या असतात. पहिला, "ग्राहक उपलब्ध नव्हता" किंवा "पत्ता सापडला नाही". खेड्यात गाडी जात नाही, मग तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतात, नाही गेलात तर शेरा तुमच्यावर. दुसरा, ॲपवर "डिलिव्हर्ड" आणि हातात काहीच नाही. तिसरा, कंपनीनं स्वतःच ऑर्डर रद्द केली आणि पैसे वॉलेटमध्ये टाकले. चौथा, पैसे खात्यातून कापले गेले, पण ऑर्डरच नोंदली गेली नाही.

चारही प्रकारांत आपला माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. "माझंच काहीतरी चुकलं असेल, आपल्याला कुठं इंग्रजी येतं." हा न्यूनगंड कंपन्यांच्या फायद्याचा आहे.

कायदा काय म्हणतो, साध्या भाषेत

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. जुलै २०२० पासून लागू. १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा यानं घेतली. यात ग्राहकाच्या व्याख्येतच लिहिलंय की ऑनलाइन खरेदी करणाराही ग्राहकच. म्हणजे दुकानात जाऊन घेतलं काय आणि मोबाइलवर घेतलं काय, हक्क तोच.

त्याच महिन्यात ई-कॉमर्ससाठी वेगळे नियम आले. त्यातले आपल्या कामाचे मुद्दे असे.

प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर दाखवायचा. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची.

सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा माल आला, तर नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसेल तेव्हा विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. आता विचार करा, उशीर झाला तरी पैसे परत मागता येतात, तर जी वस्तू आलीच नाही तिचं काय? वेगळं सांगायची गरज आहे का?

ऑर्डर रद्द केली म्हणून ग्राहकाकडून दंड घ्यायचा असेल, तर कंपनीनं स्वतः रद्द केल्यावर तिनंही तसाच भुर्दंड सोसला पाहिजे. एकतर्फी कापाकापी चालत नाही.

चौथ्या प्रकारासाठी, म्हणजे पैसे कापले पण ऑर्डर नोंदलीच नाही यासाठी, रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं किंवा कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण व्यापाऱ्याकडे व्यवहार पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकानं न मागता मिळायला हवी, असंच त्यात म्हटलंय. बँकेत जाऊन हे परिपत्रक दाखवणारे परभणी जिल्ह्यात किती असतील? मला तर अजून फारसे भेटले नाहीत.

सगळ्यात मोठा बदल परभणीसाठी झालाय

आधी अडचण काय होती? जुन्या कायद्यात साधारणपणे कंपनीचं कार्यालय किंवा शाखा जिथं, किंवा वादाचं कारण जिथं घडलं, तिथं तक्रार करावी लागायची. कंपन्या पावतीवर बारीक अक्षरात छापायच्या, "न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर". देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढून आठशे रुपयांच्या साडीसाठी कोण तारखेला जाणार?

नव्या कायद्याच्या कलम ३४ नं हे बदललं. तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते. म्हणजे कंपनी कुठलीही असो, जिंतूरचा, पूर्णेचा, गंगाखेडचा माणूस परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागू शकतो. कंपनीला परभणीला यावं लागेल. आपल्याकडं अभिमानानं म्हणतात ना, "जगात जर्मनी, देशात परभणी". या एका कलमापुरतं तरी ते खरं आहे.

आणि खर्च? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगाचं शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते. घडल्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ऑनलाइन दाखल करण्यासाठी आधी ई-दाखिल पोर्टल होतं, २०२५ पासून ई-जागृती आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सनं सुनावणी मागायची सोयही कायद्यात आहे.

"पण ॲपच्या अटींमध्ये लवादाकडे जावं लागेल असं लिहिलंय," असंही कुणीतरी विचारतं. तशी अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

"होतं का हो खरंच काही?"

होतं. दोन प्रकरणं सांगतो, दोन्ही छापून आलेली आहेत.

बंगळुरूमध्ये एका महिलेनं जानेवारी २०२२ मध्ये फ्लिपकार्टवरून १२,४९९ रुपयांचा मोबाइल मागवला. पैसे भरले, मोबाइल आलाच नाही. ती जिल्हा ग्राहक आयोगात गेली. साधारण वर्षभरात निकाल लागला. पूर्ण १२,४९९ रुपये, त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, वर २०,००० रुपये दंड आणि १०,००० रुपये खर्चापोटी.

दुसरं आपल्या मुंबईचं. दादरच्या एका ग्राहकानं जुलै २०२२ मध्ये त्याच कंपनीकडे ३९,६२८ रुपये भरून आयफोन मागवला. काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज. कंपनीचं म्हणणं, डिलिव्हरीवाला जाऊन आला, ग्राहक भेटला नाही. ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य? पैसे परत मिळाले होते, तरी तो ग्राहक गप बसला नाही. २०२४ मध्ये जिल्हा आयोगानं एकतर्फी ऑर्डर रद्द करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि मनस्तापापोटी १०,००० रुपये द्यायला लावले.

म्हणजे पालमच्या शेतकऱ्याला आणि दादरच्या ग्राहकाला सांगितलेलं कारण एकच. फरक इतकाच की दादरच्यानं त्याची पोच मागितली.

कूपनचंही असंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीला आदेश दिला, की रिफंड बँक खात्यात हवा की कूपनमध्ये, हे ग्राहकाला निवडता आलं पाहिजे. तोवर तक्रार केली की पुढच्या प्रवासाचं कूपनच हातात पडायचं. प्रकरण टॅक्सीचं असलं तरी तत्त्व सगळ्यांना लागू पडावं असंच आहे. माझे पैसे मी पुन्हा तुमच्याच दुकानात खर्च करावेत, ही सक्ती कशासाठी?

थेंबाथेंबाचं तळं कुणाचं?

"एवढ्याशासाठी" म्हणणाऱ्यांनी आता हे वाचा. लॉकडाऊनमध्ये विमानसेवा बंद पडली, तिकिटं रद्द झाली. यात्रा या ऑनलाइन तिकीट कंपनीकडे २०२१ मध्ये ३६,२७६ बुकिंगचे मिळून २६ कोटींहून जास्त रुपये ग्राहकांना परत द्यायचे बाकी होते. एकेकाचं बघितलं तर काही हजार. कोण भांडणार? पण केंद्रीय प्राधिकरणानं सगळ्यांचं प्रकरण एकत्र हातात घेतलं, पाठपुरावा केला, आणि जून २०२४ पर्यंत बाकी ४,८३७ बुकिंग आणि अडीच कोटींच्या आसपास उरली.

याच्यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याला लहान वाटणारी रक्कम कंपनीच्या खात्यात कोटींची होते, आणि तोवर ती बिनव्याजी वापरायला मिळते. दोन, एकेकट्यानं सोडून दिलेले पैसे एकत्र मागितले की निघतात.

म्हणून मला "जाऊ द्या" हा शब्द खटकतो. आपण ९९ रुपये सोडतो तेव्हा मोठं मन दाखवत नसतो. पुढच्या गिऱ्हाइकाचे ९९ कापायची परवानगी देत असतो.

आपल्याकडच्या खास अडचणी

मोठ्या शहरातले लोक ग्राहक हक्कांवर लिहितात तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, आपल्याकडं ऑर्डर एकाच्या मोबाइलवरून, पैसे दुसऱ्याचे आणि वस्तू तिसऱ्याची असते. पुतण्या, शेजारचा पोरगा, नाहीतर चौकातला मोबाइल दुकानदार ऑर्डर टाकून देतो. मग बिल कुणाच्या नावावर, खातं कुणाचं? कायद्यात खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहक धरला जातो, त्यामुळं सगळं संपत नाही. पण सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून जमेल तिथं वस्तू ज्याची त्याच्याच नावानं आणि पत्त्यानं मागवा. दुसऱ्याच्या मोबाइलवरून केलीच, तर ऑर्डर क्रमांकाचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट त्याच वेळी स्वतःकडे मागून घ्या. रोख पैसे देऊन "टाक रे ऑर्डर" म्हणालात तर तुमच्याकडं काहीच उरत नाही.

दुसरी, डिलिव्हरीवाली पोरं. ही आपल्याच गावातली पोरं आहेत. पार्सलमागे पैसे, पेट्रोल कित्येकदा स्वतःचं, उन्हातान्हात फिरतात. वस्तू नाही आली की राग त्यांच्यावर निघतो, परवा एकाची कॉलर धरल्याचंही कानावर आलं. असं करू नका. आपला व्यवहार कंपनीशी आहे. पैसे कंपनीनं घेतले, उत्तर कंपनीनं द्यायचं. फक्त एक पाळा, पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका. ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी वस्तू तुम्हाला मिळालेली असते.

आणि हो, हेही सांगितलं पाहिजे. वस्तू मिळूनही "मिळाली नाही" म्हणणारे महाभाग आपल्यातही आहेत. त्यांच्यामुळं खऱ्या तक्रारदाराकडे संशयानं बघितलं जातं. असले उद्योग करणाऱ्यांनी या पोस्टचा आधार घेऊ नये.

मग करायचं काय? क्रमानं सांगतो

१) ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची नोंद, "डिलिव्हर्ड" किंवा "नकार दिला" असा शेरा, कंपनीशी झालेलं चॅट, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ॲपवरचा शेरा नंतर बदलू शकतो, स्क्रीनशॉट बदलत नाही.

२) ॲपवर कूपन किंवा वॉलेट असा पर्याय आला तर "ओके" दाबू नका. मूळ खात्यात रिफंड असा पर्याय शोधा.

३) कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. मराठीत लिहिलं तरी चालेल, पण मुद्दे स्पष्ट हवेत. काय मागवलं, किती भरले, किती तारखेला येणार होतं, काय झालं, आणि डिलिव्हरी चार्जसह पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत हवी. नुसतं फोनवर बोलून सोडू नका. फोनवरचं वचन कागदावर येत नाही.

४) दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. पालमच्या त्या शेतकऱ्यासाठी आम्ही एवढंच केलं होतं, एक ई-मेल आणि एक १९१५ ला फोन. काही आठवड्यांत कापलेल्या पैशांसह सगळी रक्कम बँक खात्यात आली. दरवेळी इतकं सोपं जाईल असं मी म्हणत नाही. हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. पण बरीचशी प्रकरणं इथंच मिटू शकतात.

५) तरीही नाही झालं, तर परभणीचा जिल्हा आयोग. लेखी तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुरावे. पूर्ण रक्कम, व्याज, मनस्ताप आणि खर्च, चारही गोष्टी मागा. आदेश होऊनही कंपनीनं पाळला नाही, तर कायद्यात तुरुंगवासाची आणि किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

६) बँकेचा घोळ असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

एक मोठा इशारा. रिफंड मागायला म्हणून गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथं भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. ते म्हणतात, "हे ॲप टाका," "पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो पैसे द्यायला लागतो. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

आणि इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या ज्या दुकानाला ना पत्ता, ना कंपनीचं नाव, ना तक्रार अधिकारी, तिथं आगाऊ पैसे भरूच नका. वस्तू आल्यावर पैसे, नाहीतर नमस्कार. तिथं फसवणूक झालीच तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेता खोटा असेल तर ग्राहक आयोग नोटीस तरी कुणाला काढणार?

आता प्रशासनाला दोन शब्द

सगळा भार ग्राहकावर टाकून मी मोकळा होणार नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. ग्राहक आयोगांतल्या रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. आयोगावर माणसंच नसतील तर हक्क काय कामाचा?

पण जिल्हा पातळीवर करता येण्यासारखंही बरंच आहे. याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. वर्षातून किमान दोन बैठका घ्यायच्या. माझी जाहीर मागणी आहे, परभणीच्या परिषदेच्या बैठका कधी झाल्या, त्यात ऑनलाइन खरेदीवर काय चर्चा झाली, हे जनतेसमोर ठेवावं.

त्याहून महत्त्वाचं कलम १६ आणि १७. एकाच प्रकारे अनेक ग्राहकांचं नुकसान होत असेल, तर तशी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. ते चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. खेड्यात गाडी न पाठवता "ग्राहकाने नकार दिला" लिहिणं, हा एका पालमच्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे का? नऊही तालुक्यांतून असे अर्ज एकत्र गेले, तर त्याला वजन येईल. यात्राच्या प्रकरणात जे देशपातळीवर झालं, त्याची सुरुवात आपल्या कलेक्टर ऑफिसातूनही होऊ शकते.

तहसील कार्यालयात महिन्यातून एक दिवस ग्राहक मदत कक्ष सुरू करा, एवढंही फार झालं. ज्याला ई-मेल करता येत नाही त्याला तिथं कुणीतरी करून देईल. पीक विम्याचे अर्ज भरायला आपल्या गावोगावच्या सेवा केंद्रांत रांगा लागतात, तिथंच १९१५ चा एक फलक लावायला किती खर्च येतो?

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. कार्यक्रम होतात, हार-तुरे होतात, फोटो माझ्याकडेही येतात आणि मी छापतोही. या वर्षी मला फोटो नको, आकडा हवा. जिल्ह्यातून ऑनलाइन खरेदीच्या किती तक्रारी आल्या आणि किती लोकांना पूर्ण पैसे मिळाले, एवढंच सांगा.

तोवर आपलं काम आपण करू. ज्यांची वस्तू आली नाही, पैसे अडकले किंवा कापले गेले, त्यांनी खाली कमेंटमध्ये तालुका, रक्कम आणि कंपनीनं दिलेलं कारण लिहा. ऑर्डर क्रमांक, मोबाइल नंबर, खातं क्रमांक उघड्यावर टाकू नका, ते मला मेसेजमध्ये पाठवा. पंचवीस-तीस अर्ज जमले की आपण सगळे मिळून निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला जाऊ. रक्कम पन्नास रुपये असली तरी लिहा. लाजायचं त्यांनी, ज्यांनी ती कापली.